१८ युनिटांचे बिल २७१ रुपये कसे येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या घरी आई एकटी राहते. तीन एलईडी दिवे, एक पंखा, टीव्ही, सकाळी कधीतरी मिक्सर, फ्रीज नाही. २०२४-२५मधल्या एका महिन्याचा वापर १८ युनिट आणि बिल २७१ रुपये. त्याच महिन्यात पुण्यातल्या फ्लॅटचा वापर १२० युनिट आणि बिल १,०९६ रुपये. भागाकार केला तर आईला एक युनिट १५ रुपयांना पडते आणि मुलाला ९ रुपयांना. "कमी वापरणाऱ्याला वीज स्वस्त असे आयुष्यभर ऐकत आलो, मग हे उलटे कसे? मीटर सदोष आहे का? आणि यावर काही करता येते का?"

मीटर बहुधा चांगले आहे. तुमचा भागाकारही बरोबर आहे. माझी नोकरी वीजबिलांच्या कामातच गेली आणि निवृत्तीनंतर दरवाढीच्या सुनावण्यांसाठी ग्राहकांना हरकती लिहून देतो. तुमच्या आईसारखी बिले मी हजारोंनी पाहिली आहेत. या बिलात चूक कोणाचीच नाही, आणि नेमकी हीच माझी तक्रार आहे. दरपत्रकाप्रमाणे अगदी बरोबर काढलेले बिलच सर्वांत कमी वीज वापरणाऱ्यावर सर्वांत जड पडते.

आधी आकडेमोड करू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ रोजी महावितरणसाठी जो आदेश दिला, त्यातले २०२४-२५चे घरगुती दर घेतो, कारण तुमची बिले त्या वर्षातली आहेत. पुढे दर बदलत राहतील, पण बिलाचा सांगाडा तोच राहतो. सिंगल फेज जोडणीला महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार. पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे वीज आकार. १०१ ते ३०० या टप्प्यातल्या युनिटांना १० रुपये २९ पैसे. त्याशिवाय प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, आणि ते राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वर-खाली होतो, म्हणून तो इथे धरलेला नाही.

आता आईचे बिल. १८ युनिटांचे ५ रुपये ८८ पैशांप्रमाणे १०५ रुपये ८४ पैसे. त्यात १२८ मिळवले की २३३ रुपये ८४ पैसे. त्यावर १६ टक्के शुल्क, एकूण २७१ रुपये. आईने महिनाभर घराला कुलूप लावून एकही दिवा लावला नसता, तरी १२८ आणि त्यावरचे शुल्क मिळून १४८ रुपये ४८ पैसे भरावेच लागले असते. म्हणजे तिच्या बिलातला निम्म्याहून जास्त भाग असा आहे, की तो कोणतेही बटण बंद करून कमी होत नाही.

हीच रीत पुढे चालवून पाहा. १० युनिट वापरणाऱ्या घराला एक युनिट २१ रुपये ६७ पैशांना पडते. २० युनिट वापरणाऱ्याला १४ रुपये २४ पैशांना. ३० युनिटांना ११ रुपये ७७ पैसे, ५० युनिटांना ९ रुपये ७९ पैसे, आणि बरोबर १०० युनिट वापरणाऱ्याला ८ रुपये ३१ पैसे, तिथे दर सर्वांत खाली येतो. त्यानंतर दुसरा टप्पा लागू होतो आणि सरासरी पुन्हा चढते: २०० युनिटांना १० रुपये ८० पैसे, ३०० युनिटांना ११ रुपये ६३ पैसे. इथे जरा थांबा. ३०० युनिट वापरणाऱ्या घरात फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन, बहुतेक वेळा एसीही असतो. त्या घराला एक युनिट ११ रुपये ६३ पैशांना, आणि ३० युनिटांत महिना काढणाऱ्या घराला ११ रुपये ७७ पैशांना. सुनावणीच्या टेबलावर मी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतो. टप्प्यांच्या दरांकडे पाहिले तर वाटते की गरिबाची काळजी घेतलेली आहे: पहिला टप्पा ४ रुपये ७१ पैसे, शेवटचा, ५०० युनिटांच्या वरचा, १६ रुपये ६४ पैसे. पण लोक दर पाहतात आणि पैसे बिलाचे भरतात. टप्प्यांनी एका हाताने दिलेली सवलत स्थिर आकार दुसऱ्या हाताने काढून घेतो, आणि वापर जितका कमी तितकी ती जास्त निघून जाते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. १०१वे युनिट पडले की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो, अशी अनेकांची समजूत असते. महाराष्ट्रात तसे नाही. वरचा दर फक्त १०० च्या वरच्या युनिटांना लागतो. तुमच्या पुण्याच्या बिलात महाग दर फक्त शेवटच्या २० युनिटांना लागलेला आहे. सगळीकडे असे नसते. केरळमध्ये महिन्याला २५० युनिटांच्या पुढे गेले की सर्व युनिटांना एकच वरचा दर लागतो. आपल्याकडे तशी भीती नाही.

मग स्थिर आकार मुळात का असतो? कंपनीची बाजू मला मनापासून मान्य आहे, कारण ती मी आतून पाहिली आहे. तुमच्या गावापर्यंत खांब, तारा आणि रोहित्र उभे आहे. वादळात तार तुटली तर रात्री वायरमनने जायचे असते. मीटर बसवायचे, दर महिन्याला कोणीतरी जाऊन रीडिंग घ्यायचे, बिल छापून वाटायचे. आई १८ युनिट वापरो की ११८, यातला खर्च बदलत नाही. वीज विकत घेण्याच्या करारांतही एक भाग असा असतो, की वीजकेंद्रातून वीज उचलली नाही तरी तो द्यावाच लागतो. २००३च्या वीज कायद्यातल्या कलम ४५ने प्रत्यक्ष वापराच्या आकाराशिवाय स्थिर आकार घेण्याची मुभा दिलेली आहे. हे बेकायदा नाही, आणि वीज वितरण हा धर्मादाय कारभारही नाही.

माझा आक्षेप स्थिर आकार असण्यावर नाही. तो सगळ्यांना सारखा असण्यावर आहे. वर सांगितलेल्या खर्चांपैकी मीटर, रीडिंग आणि बिल हे खरोखरच दर घरामागे सारखे आहेत. पण रोहित्र किती मोठे लागेल, तार किती जाड लागेल, संध्याकाळी किती वीज विकत घेऊन ठेवावी लागेल, हे घरांच्या संख्येवर ठरत नाही. सगळे एकदम वापरतात तेव्हा एकूण भार किती होतो, त्यावर ते ठरते. तुमच्या आईने दिवे, पंखा आणि टीव्ही एकाच वेळी लावला तरी दीडशे वॅटच्या आत काम भागते. दीड टनाचा एक एसी पंधराशे वॅटच्या आसपास घेतो. रोहित्राची क्षमता वाढवायची वेळ त्या एसीमुळे येते, आईच्या पंख्यामुळे येत नाही. तरीही दोन्ही घरे सिंगल फेजवर असतील तर दोघांना स्थिर आकार तोच, १२८ रुपये.

दुसरीकडे वेगळे करता येते, हे दिसलेले आहे. दिल्लीत स्थिर आकार मंजूर भारावर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घ्यायला जोडणीला परवानगी असते त्यावर, दर किलोवॅटमागे घेतात. तिथे २०१८मध्ये दोन किलोवॅटपर्यंतच्या घरांचा हा आकार दर किलोवॅटला महिना २० रुपयांवरून १२५ रुपयांवर नेला होता. लोकांच्या बिलांवर त्याचा फार परिणाम झाला आणि २०१९च्या आदेशात तो पुन्हा २० रुपयांवर आणावा लागला. दिल्लीतल्या मोफत विजेच्या योजनेपेक्षा या माघारीतून आपण जास्त शिकावे, असे मला वाटते. मोफत योजनेचे पैसे सरकारला दर वर्षी अर्थसंकल्पातून द्यावे लागतात आणि सरकार बदलले की तिचे काय होईल याची खात्री नसते. दरपत्रकाची रचनाच नीट असेल तर ती टिकते.

आपल्याकडे उलट दिशेने प्रवास झाला आहे. दहा वर्षांपूर्वी हा आकार ५० ते ६० रुपयांच्या घरात होता. २०२०-२१मध्ये १०० रुपये झाला, २०२३-२४मध्ये ११६ आणि त्यापुढच्या वर्षी १२८. या काळात तुमच्या आईच्या घरात काय झाले असेल, तेही आठवा. साठ वॅटचे पिवळे बल्ब जाऊन नऊ वॅटचे एलईडी आले. तीन बल्ब रोज पाच तास जळत असतील तर महिन्याला २७ युनिट लागायचे, आता ४ लागतात. काटकसर करणाऱ्या माणसाने आपल्या बाजूने जे करायचे ते सगळे केले. त्याच्या बिलातला युनिटांचा भाग आक्रसला आणि त्या जागी स्थिर आकार वाढत गेला. कार्यालयात मला लोक विचारायचे, "साहेब, अजून काय बंद करू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचे, कारण बंद करण्यासारखे काही उरलेलेच नसायचे.

दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वेगळा दर आहे ना, असे तुम्ही म्हणाल. आहे, आणि तो खरोखर स्वस्त आहे. त्यात स्थिर आकारही कितीतरी कमी आहे. २०१६च्या राष्ट्रीय वीजदर धोरणातही महिन्याला ३० युनिटांसारख्या मर्यादेच्या आतल्या गरीब ग्राहकांना विशेष आधार देण्याची तरतूद आहे. पण आपल्या दरपत्रकात त्यासाठी दोन अटी आल्या: मंजूर भार अगदी अल्प हवा आणि आधीच्या वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत हवा. एकदा सर्वसाधारण घरगुती गटात गेलेला ग्राहक पुन्हा या गटात येऊ शकत नाही, अशीही अट आदेशांमध्ये वर्षानुवर्षे होती. कागदावर ही अट साधी दिसते. प्रत्यक्षात काय होते ते मी पाहिले आहे. एका आजींचा वापर वर्षभर महिन्याला २६-२७ युनिट असायचा. मे महिन्यात मुलगी आणि नातवंडे राहायला आली, पंखा दिवसरात्र चालला, कोणीतरी जुना कूलर आणून दिला. दोन महिन्यांत बेरीज ३६०च्या पुढे गेली. नातवंडे जूनमध्ये शाळेला परत गेली, आजींचा वापर पुन्हा २६ युनिटांवर आला, पण गट कायमचा बदलला. मी त्यांना नियम समजावून सांगितला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पोरं आली म्हणून?"

तुमच्या आईचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो, तो एकदा पाहा. बहुतेक जुन्या घरांना तो अर्धा किंवा एक किलोवॅट लावलेला असतो, आणि मग वापर कितीही कमी असला तरी हा गट मिळत नाही.

कमी वापर म्हणजे गरिबी, असे समीकरण मी मांडत नाही. तसे केले तर आपलाच मुद्दा कमकुवत होतो. कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. मालक मुंबईत चांगल्या नोकरीत असतो आणि त्याच्या गावच्या मीटरवर वर्षात ४० युनिट पडतात. त्याला सवलत कशासाठी द्यायची, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. उलट बाजूला शहरातला जुना वाडा पाहा. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे, प्रत्येकाचा वापर ७० युनिटांचा. मीटरवर दिसतात २१० युनिट. त्यातली ११० युनिट महाग टप्प्यात जातात. बिल होते २,२९३ रुपये, म्हणजे प्रत्येकी ७६४. स्वतंत्र मीटर असते तर ७० युनिटांचे बिल ६२६ रुपये झाले असते, तिन्ही स्थिर आकार भरूनही. म्हणजे हे तीन भाडेकरू गरीबही आहेत, वीजही कमी वापरतात, आणि दरपत्रकाच्या नजरेला मात्र एक श्रीमंत घर दिसते. शिवाय घरमालक उपमीटर लावून आपल्या मनाने युनिटाला १२-१५ रुपये लावत असेल, तर तो हिशेब कुठल्याच बिलावर येत नाही.

या लोकांसाठी कायद्यात मार्ग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. वीज कायद्याच्या कलम ४३प्रमाणे जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही वीजजोडणी मागू शकतो. भाडेकरू ताबेदार असतो. भाडेकरार किंवा ताब्याचा दुसरा कागद जोडून अर्ज करायचा. केंद्र सरकारच्या २०२०च्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, आवश्यक कागद पूर्ण असतील तर महानगरांत ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांत आणि खेड्यांत १५ दिवसांत जोडणी द्यायची आहे.

तुमच्या घराकडे परत येतो. आईच्या बिलावर सर्वांत आधी फेज पाहा. घरात पूर्वी पिठाची गिरणी किंवा मोटर असेल आणि थ्री फेज जोडणी तशीच राहिली असेल, तर २०२४-२५मध्ये स्थिर आकार १२८ ऐवजी ४२४ रुपये होता. सिंगल फेज करून घेतले की शुल्कासह महिन्याला ३४३ रुपये वाचतात, वर्षाला चार हजारांच्या वर. तुमच्या आकड्यांवरून जोडणी सिंगल फेजच दिसते, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी याचा उपयोग होईल.

दुसरे, रीडिंग. बिलावर मागील आणि चालू रीडिंग दोन्ही असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे वापर. रीडिंग न घेता सरासरीने बिल दिले असेल तर तसा शेरा असतो. जास्त वापराच्या घराला पाच-दहा युनिटांचा फरक जाणवत नाही. १८ युनिटांच्या घराला ३० युनिटांचे सरासरी बिल आले तर ८२ रुपये जास्त जातात, आणि दारिद्र्यरेषेखालच्या गटातल्या ग्राहकाची वार्षिक बेरीज नाहक फुगते. एका वाडीत मी पाच महिने सलग सरासरी बिल आलेले पाहिले आहे. मीटर अंगणात, उघड्यावर, कोणालाही दिसेल असे होते. २०२०च्या ग्राहक हक्क नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की दोन बिलांच्या पुढे सरासरी चालू राहिली तर, नैसर्गिक आपत्तीसारखे कारण नसल्यास, प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. मात्र नकार तोंडी देऊ नका. अर्ज लिहा, पोच घ्या, मीटरचा तारखेसह फोटो जोडा. नुसते बिल थकवले तर कलम ५६खाली १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. उत्तर मिळाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालांकडे. त्यासाठी वकील लागत नाही.

बरेच महिने रीडिंग न घेता एकदम बेरीज आली, तर टप्पे त्या महिन्यांत विभागून लावले आहेत ना, तेही तपासा. चार महिन्यांची १२० युनिट म्हणजे महिन्याला ३०. ती एका महिन्याची धरली तर २० युनिट महाग टप्प्यात जातात.

छापील बिलाऐवजी ईमेलवर बिल घेतले तर महावितरण दर बिलामागे १० रुपये सूट देते. दोन हजारांच्या बिलाला हे काहीच नाही. २७१ रुपयांच्या बिलाला साडेतीन टक्क्यांच्या वर होते, आणि ईमेल तुमचा चालतो. हे आजच करा.

घरातच शिवणकाम, पापड, शिकवणी असे काही चालत असेल आणि "कमर्शियल मीटर घ्यावे लागेल" असे कोणी सांगितले, तर लगेच घाबरू नका. घराच्या काही भागात व्यवसाय असला, पण महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आणि आधीच्या वर्षाचा ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर दर घरगुतीच लागतो. व्यापारी गटात नुसता स्थिर आकारच ५१७ रुपये होता, म्हणून हा फरक लहान नाही.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी विक्रेता आईला विचारेल, म्हणून सांगून ठेवतो. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅटना जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे महिन्याला शंभराच्या वर युनिट देते. आई वापरते १८. ती सगळी १८ वाचली तरी बचत महिन्याला १२३ रुपये, कारण स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क पॅनेल बसवल्यावरही राहते. अनुदानानंतरही स्वतःचे हजारो रुपये घालून एवढ्यासाठी पॅनेल बसवण्यात अर्थ नाही. १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने २०२५मध्ये वेगळे वाढीव अनुदान आणले आहे. त्यात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम अगदीच लहान होत असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा १२३ रुपयांनी भागून किती महिन्यांत फिटते ते पाहा, विक्रेत्याच्या तक्त्यावर जाऊ नका.

सौरऊर्जेचा आणि स्थिर आकाराचा आणखी एक संबंध आहे. ज्यांना परवडते ती मोठी घरे पॅनेल बसवून आपले युनिटांचे बिल शून्यावर आणतात. हे चांगलेच आहे. पण महाग टप्प्यांतून येणारे जे पैसे पहिल्या टप्प्याची सवलत पेलत होते, ते त्याबरोबर आटतात. तेव्हा कंपन्या स्थिर आकार वाढवून मागतात, आणि तो वाढतो तेव्हा पॅनेलवाल्या बंगल्याबरोबर तुमच्या आईचाही वाढतो. येत्या काही वर्षांत हीच सर्वांत मोठी गोष्ट ठरणार आहे, असे माझे मत आहे. दिवसाच्या वेळेनुसार वेगळ्या दराचेही असेच आहे: दुपारी सवलत मिळाली तर वॉशिंग मशीन दुपारी लावता येते, संध्याकाळचा दिवा दुपारी लावता येत नाही.

मग काय व्हायला हवे? मी सुनावण्यांत दोन गोष्टी मागतो. पहिली आयोगाकडे. महिन्याला ३० युनिटांच्या आतल्या घरांना स्थिर आकार निम्मा करा, आणि वार्षिक मर्यादा ओलांडली तर ते त्या वर्षापुरते धरा, कायमचे नको. २० युनिट वापरणाऱ्याचे बिल त्यामुळे २८५ रुपयांवरून २११ वर येईल. बंद घरांचा फायदा टाळायचा असेल तर ही सवलत राहत्या घराच्या एकाच जोडणीला द्या, शिधापत्रिका तपासून. दुसरी मागणी राज्य सरकारकडे. १६ टक्के वीज शुल्क स्थिर आकारावरही लागते. ज्या १२८ रुपयांत एकही युनिट नाही, त्यावर आईकडून साडेवीस रुपये शुल्क घेतले जाते. लहान ग्राहकांसाठी निदान एवढे शुल्क सोडा. त्यासाठी आयोगाची गरज नाही. दरनिश्चितीच्या वेळी आयोग जाहीर सूचना काढून हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. कोणताही ग्राहक मराठीत, एका पानावर हरकत पाठवू शकतो. मोठ्या उद्योगांचे सल्लागार जाडजूड कागद घेऊन येतात. १८ युनिटांच्या घरातून कोणीच येत नाही. तुम्ही आईचे बिल जोडून पाठवा, नमुना मी देईन.

एक शेवटचे, आणि हे आजच आईला फोन करून सांगा. २७१ रुपये पाहून अशा घरांतली वयस्कर माणसे पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पंखा बंद. १५ रुपयांचे युनिट, म्हणून एप्रिलच्या दुपारीही पंख्याविना बसतात. पण १५ रुपये ही सरासरी आहे. स्थिर आकार एकदा भरलेलाच आहे. त्यावर वापरलेले पुढचे प्रत्येक युनिट २०२४-२५च्या दरांनी आईला शुल्कासह ६ रुपये ८२ पैशांना पडते. साधा पंखा ७० वॅटचा. तो तासभर चालला तर ४८ पैसे लागतात आणि रात्रभर, आठ तास चालला तर ३ रुपये ८२ पैसे. तिला हा आकडा सांगा, सरासरीचा सांगू नका.